स्लायडर रियाजासाठी, खूण रचनेसाठी

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. महिला मंडळाच्या समूहगानासाठी त्यांनी एक गीत म्यूझस्कोर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं, केरवा तालात, चार-चारच्या मापात. ऐकताना ते फार पळत होतं, म्हणून त्यांनी वेगाचा स्लायडर ७५ टक्क्यांवर आणला आणि पंधरा दिवस त्यावरच गट बसवला. मग तीच फाइल ठाण्यातल्या कीबोर्ड वाजवणाऱ्या दादांना पाठवली, तर त्यांच्याकडे गाणं पुन्हा पळायला लागलं. शेवटच्या ओळीवर ‘हळू हळू’ असं लिहिलं आहे, तरी सॉफ्टवेअर हळू होत नाही. शिवाय विद्यार्थिनींसाठी विलंबित एकतालातली एक बंदिश लिहायची आहे आणि तिथे लय कशी बसवायची हेच कळत नाही. ‘सॉफ्टवेअर चुकतंय की माझं काही चुकतंय?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, सॉफ्टवेअर बरोबर वागतंय. या सॉफ्टवेअरमध्ये वेग दोन ठिकाणी राहतो आणि तुम्ही त्यातल्या एकाच ठिकाणी हात लावला आहे, एवढंच झालंय. एक वेग रचनेचा. तो नोटेशनमध्येच, पहिल्या बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या पहिल्या खणाच्या डोक्यावर लिहायचा असतो. गाण्याची पट्टी आणि ताल जसा त्या गाण्याचा, तसा तो वेगही गाण्याचा. दुसरा वेग ऐकणाऱ्याचा. तो वाजवण्याच्या पट्टीतल्या स्लायडरवर टक्क्यांत दिसतो. तो कागदावर छापला जात नाही, फाइलबरोबर दुसऱ्याच्या घरी जात नाही. तुम्ही आज ऐकताय तेवढ्यापुरता तो तुमचा.

आता तुमच्या गाण्याचं काय झालं बघा. तुम्ही वर टेम्पोची खूणच लावलेली नाही. खूण नसली की म्यूझस्कोर मिनिटाला १२० क्वार्टर धरतो, क्वार्टर म्हणजे चार-चारच्या मापातला एक ठोका. हा आकडा त्याने मनाने काढलेला नाही, मिडी फाइलमध्येही (संगणकाला स्वर वाजवायच्या सूचना देणारी फाइल) टेम्पो सांगितला नसेल तर १२०च धरायचा असा संकेत आहे. तुम्ही १२०चे ७५ टक्के केले, म्हणजे ९०. तुमच्या गळ्याला आणि मंडळाला ९० बरोबर वाटलं, म्हणजे गाण्याची खरी लय ९० आहे. पण ती फाइलमध्ये कुठेच लिहिलेली नाही. दादांच्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा स्लायडर १००वर होता, त्यामुळे त्यांना १२० ऐकू आलं. त्यांच्याकडे दुसरं एखादं सॉफ्टवेअर असतं तर त्याने आपला ठरलेला आकडा धरला असता आणि गोंधळ आणखी वाढला असता.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पहिल्या बारमधला पहिला स्वर निवडा आणि ऑल्ट, शिफ्ट आणि टी या तीन कळा एकत्र दाबा. टेम्पोच्या मजकुराची चौकट उघडेल. तिथे ‘क्वार्टर = ९०’ एवढं लिहा. नाहीतर टेम्पोच्या पॅलेटमधली, म्हणजे खुणांच्या पेटीतली तयार खूण पहिल्या स्वरावर टाका आणि तिच्यातला आकडा बदला, तेही चालेल. मग स्लायडर १००वर नेऊन ठेवा आणि ऐका. आता ही लय फाइलबरोबर जाईल, छापील प्रतीवर दिसेल आणि तबलजी, कीबोर्डवाले, तुम्ही, सगळे एकाच आकड्यावर याल.

‘हळू हळू’चं दुखणंही याच घरातलं आहे. तुम्ही ते कंट्रोल आणि टी दाबून लिहिलं असणार. त्याने जो मजकूर येतो तो स्टाफवरचा, म्हणजे स्वरांच्या पाच रेघांवरचा साधा मजकूर. ‘इथे टाळ्या’ किंवा ‘फक्त पहिल्या रांगेने’ अशा सूचनांसाठी तो असतो. दिसायला तो टेम्पोच्या मजकुरासारखाच दिसतो, पण वाजवणारा भाग त्याच्याकडे बघतही नाही. टेम्पोचा मजकूर ही वेगळी जात आहे. नवशिक्यांच्या दहा तक्रारींतल्या सहा-सात मला इथेच सापडतात, म्हणून कुणी ‘वेग बदलत नाही’ म्हटलं की मी आधी त्या मजकुरावर क्लिक करून त्याची जात कोणती ते बघतो.

मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, उलट मी तेच करतो. टेम्पोच्या मजकुरात ‘मध्यलय’ किंवा ‘जरा चढती’ असं लिहा. संगणकाला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही, म्हणून गुणधर्मांच्या पट्टीत जा. तिथे लिहिलेल्या टेम्पोऐवजी वेगळा आकडा देण्याची सोय असते, ती चालू करून आकडा भरा. कागदावर ‘मध्यलय’ दिसेल आणि वाजेल ९०. आपल्या गायिकांना क्वार्टर बरोबर ९० वाचून काही होत नाही, ‘मध्यलय’ वाचलं की अंगात लय येते. भातखंड्यांच्या बंदिशींच्या पुस्तकांतून शिकलेल्या पिढ्यांनी तालाच्या नावाशेजारी एवढंच वाचलं, विलंबित, मध्य किंवा द्रुत, आणि बाकीचं गुरूकडून घेतलं. संगणकाला गुरू नाही, त्याला आकडाच द्यावा लागतो.

आणखी एक. टेम्पोची खूण माऊसने ओढून कागदावर दुसरीकडे नेली, तरी ती ज्या स्वराला बांधलेली आहे तिथूनच लागू होते. ओढताना खुणेपासून स्वरापर्यंत एक तुटक रेघ दिसते. ती रेघ कुठे जाते ते बघायची सवय ठेवा. अंतऱ्याच्या पहिल्या अक्षरावर दिसणारी खूण खरं तर मागच्या बारला बांधलेली असू शकते आणि मग लय एक बार आधीच बदलते.

हे मी एवढं आवर्जून का सांगतोय, तर याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका कार्यक्रमासाठी चाळीस जणांचं समूहगान बसवत होतो. नोटेशनवर ११० लिहिलेलं होतं. मुलं लहान, शब्द अवघड, म्हणून सरावासाठी स्लायडर ८०वर घेऊन मी फोनवर ट्रॅक रेकॉर्ड केला आणि सगळ्यांच्या घरी पाठवला. ११०चे ८० टक्के म्हणजे ८८. दोन आठवडे मुलं ८८वर गायली, घरी, गाडीत, शाळेच्या व्हरांड्यात. वादकांकडे मात्र छापील प्रत होती आणि तिच्यावर ११०. रंगीत तालमीला सगळे पहिल्यांदा एकत्र आले. वादकांनी सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला चाळीस मुलं एकमेकांकडे बघत थांबली. एक लहान मुलगी रडायला लागली, तिला वाटलं तीच विसरली. वादक बरोबर होते, मुलं बरोबर होती, चूक माझी होती. त्या दिवशी आम्ही गाणं ९६वर केलं आणि ते ना इकडचं ना तिकडचं झालं.

तेव्हापासून माझ्याकडे एक पद्धत पक्की आहे. सरावाचा हळू ट्रॅक दिला तर त्याच्या नावातच वेग लिहायचा, ‘सराव ८८, मूळ ११०’ असा. आणि कार्यक्रमाच्या आधीचा पूर्ण आठवडा स्लायडरला हात लावायचा नाही. तो आठवडा फक्त १००वर.

आता प्रश्न असा की ९० बरोबर आहे का? स्लायडर ओढून जो आकडा मिळाला तो मशीनच्या संगतीत मिळालेला आहे. समोर काही वाजत असलं की आपण त्याच्याशी जुळवून घेतो. म्हणून मी एक वेगळी तपासणी करतो. संगणक बंद करायचा. उभं राहून गाणं पूर्ण आवाजात म्हणायचं, मंचावर म्हणाल तसं. दुसऱ्या कुणाला फोनचं स्टॉपवॉच द्यायचं आणि १५ सेकंदांत किती ठोके पडले ते मोजायला सांगायचं. २२ पडले तर गुणिले चार, म्हणजे ८८. २३ पडले तर ९२. हे तीन वेगवेगळ्या दिवशी करायचं, एकदा सकाळी, एकदा तालमीनंतर दमलेले असताना. तीन आकडे जवळजवळ आले तर मधला घ्यायचा. बसून गुणगुणताना आलेला आकडा धरू नका, तो नेहमी खरा नसतो.

आणि शब्दांकडे बघा. समूहगानात वरची मर्यादा शब्द ठरवतात. ९०च्या लयीत एका क्वार्टरमध्ये चार अक्षरं असतील तर प्रत्येक अक्षराला साधारण ०.१७ सेकंद मिळतात. ११०ला ०.१४च्याही खाली जातात. सुटी अक्षरं असतील तर तेवढ्यात निघतात, पण ‘शिस्तबद्ध’, ‘स्वातंत्र्य’ असली जोडाक्षरं आली की पंचवीस तोंडांतून ती पंचवीस वेळा निघतात आणि सभागृहात नुसती खसखस ऐकू येते. ओळीतली सगळ्यात अवघड जागा शोधा, ती जागा सगळ्या जणी मिळून स्वच्छ म्हणू शकतात तो वेग काढा आणि त्याच्या वर जाऊ नका. संगणकाला जिभेचा अडथळा नाही, तो २००लाही ‘स्वातंत्र्य’ची जागा वाजवतो, म्हणून त्याच्या ऐकण्यावरून हे ठरवता येत नाही.

दादांशी बोलताना एक घोळ होऊ शकतो, तो आधीच टाळा. केरवा आठ मात्रांचा. तुम्ही तो चार-चारमध्ये लिहिलाय, म्हणजे एका बारमध्ये चार क्वार्टर आणि मात्रा झाली एट्थची, म्हणजे अर्ध्या क्वार्टरची. तुमचं ९० म्हणजे मिनिटाला ९० क्वार्टर, पण मात्रा १८०. तबलजींनी विचारलं, ‘ताई, लय किती?’ आणि तुम्ही ‘९०’ म्हणालात, तर ते मात्रा ९० धरतील आणि गाणं बरोबर निम्म्या लयीत सुरू होईल. म्हणून आकड्याबरोबर काय मोजलंय तेही सांगा. ‘क्वार्टर ९०, मात्रा १८०’, एवढं म्हटलं की दोघेही समजतात.

दादऱ्यात हाच घोळ जास्त लपून बसतो. दादरा हा सहा मात्रांचा ताल सहा-आठमध्ये लिहिला तर मात्रा एट्थ आणि हाताची टाळी पडते तीन मात्रांवर, म्हणजे डॉटेड क्वार्टरवर. समजा मात्रा १५० हवी आहे. तर डॉटेड क्वार्टर ५०, साधी क्वार्टर ७५, एट्थ १५०, हे तिन्ही एकच. आता कुणी टाळी मोजली, ५० आली आणि खुणेत ‘साधी क्वार्टर = ५०’ असं लिहिलं, तर मात्रा १५०च्या जागी १०० होते. गाणं एकतृतीयांशाने सुस्तावतं आणि कारण सापडत नाही, कारण आकडा तर बरोबर मोजलेला असतो. चुकतं ते आकड्याच्या शेजारचं ठिपक्याचं चिन्ह. खूण लिहिताना त्या ठिपक्याकडे दोनदा बघा.

रूपक तालाबद्दल एकच सांगतो. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम बारच्या पहिल्या ठोक्यावर सगळ्यात जोरात वाजतो. रूपकात सम, म्हणजे पहिली मात्राच, ‘खाली’ची म्हणजे बिनटाळीची असते आणि तिथे हा धाडकन वाजला की गाणाऱ्याचा तोल जातो. मी मेट्रोनोम बंद ठेवतो आणि खाली तालवाद्याचा एक स्टाफ घेऊन साधा ठेका लिहितो. खरं सांगायचं तर केरवा-दादऱ्यातसुद्धा मी हेच करतो. टक-टकवर गायला बसलेल्या गटाला पुढे ठेक्यावर बसवताना पुन्हा मेहनत पडते.

शेवटची ओळ हळू करायची, ती कशी? म्यूझस्कोर ४मध्ये हे सोपं झालंय. टेम्पोच्या पॅलेटमध्ये ‘रिट’ची, म्हणजे वेग हळूहळू उतरवणारी रेघ आहे. शेवटचे दोन बार निवडा, रेघेवर क्लिक करा, मग गुणधर्मांत किती टक्क्यांपर्यंत उतरायचं ते द्या. गाणं तिथेच संपत असेल तर काम झालं. पुढे काही असेल तर रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर ‘अ टेम्पो’ची, म्हणजे मूळ वेगावर परत येण्याची खूण लावायला विसरू नका. जुनी आवृत्ती असेल किंवा उतार अगदी मनासारखा हवा असेल, तर हाताने करा. शेवटच्या बारमधल्या प्रत्येक क्वार्टरवर एक टेम्पोची खूण लावा आणि तिला निवडून व्ही दाबा, ती अदृश्य होते पण वाजताना लागू राहते. ९०च्या गाण्याला मी ८६, ७८, ६८, ५६ असे आकडे देतो. बघा, उतार सारखा नाही. आधी चार, मग आठ, दहा, बारा. माणूस थांबायला लागतो तो असाच, सुरुवातीला कळतही नाही आणि शेवटी भार टाकतो. सारख्या पायऱ्यांनी उतरलेली लय ऐकायला बॅटरी संपल्यासारखी वाटते.

श्वासासाठी मात्र टेम्पोला हात लावू नका. श्वासाची खूण टाकून तिला सेकंदांत थांबा देता येतो, पण तो थांबा सगळ्यांना लागतो. गाणारा थांबला की ठेकाही थांबतो आणि ठेका थांबलेला आपल्या कानाला अजिबात सहन होत नाही. त्यापेक्षा ओळीचा शेवटचा स्वर थोडा आखडता घ्या. क्वार्टर असेल तर एट्थ लिहा आणि पुढे एट्थची विश्रांती ठेवा. ९०च्या लयीत ती विश्रांती ०.३३ सेकंदांची होते, गटाला एक छोटा श्वास घ्यायला पुरते. सिक्स्टीन्थची ठेवली तर ०.१७ राहतात, त्यात एकटी गायिका श्वास चोरेल, पंचवीस जणी नाही. लय सरळ चालत राहते आणि श्वास तिच्या पोटात बसतो, आपल्याकडे गाणं असंच चालतं.

मुखडा परत येतो तेव्हाची एक गोष्ट. टेम्पोची खूण जागेला चिकटलेली असते, कितव्या फेरीला आलात याला नाही. तुम्ही दुसऱ्या अंतऱ्याला लय ९०ची ९६ केलीत आणि मग उलटीची, म्हणजे मागे जाऊन पुन्हा म्हणायची खूण टाकून मुखड्याकडे पाठवलंत, तर मुखड्यावरची ९०ची खूण पुन्हा लागू होते आणि चढलेली लय धपकन खाली येते. वाचणाऱ्या माणसाला कळतं की आता चढत्या लयीतच म्हणायचं आहे, वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला नाही. म्हणून मी दोन फाइली ठेवतो. छापायची, उलट्यांसकट, दोन पानांत मावणारी. आणि ऐकायची, जिच्यात उलट्या काढून सगळं सलग लिहिलेलं असतं आणि लयी जागच्या जागी असतात. काम दुप्पट होतं, पण तालमीत वाद होत नाहीत.

दुगुनीसाठी टेम्पो दुप्पट करू नका, हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या विद्यार्थिनी पुढे लयकारी लिहायला लागतीलच. दुगुन म्हणजे लय तीच, एका मात्रेत दोन स्वर. क्वार्टर होते तिथे एट्थ लिहायचे. वरची खूण बदलून दुप्पट केलीत तर ठेकासुद्धा दुप्पट पळेल आणि मग ती दुगुन राहणारच नाही, नुसतं जलद गाणं होईल. हातावर टाळी देत दुगुन म्हणताना टाळी बदलत नाही, कागदावरही ती बदलता कामा नये.

आता विलंबित एकताल. इथे थोडं थांबून सांगतो, कारण मला स्वतःला हे नीट बसवायला बराच काळ लागला.

बडा ख्याल अतिविलंबितात असेल तर एक मात्रा चार सेकंदांची, कधी त्याहून लांब. म्हणजे मिनिटाला १५ मात्रा. तुम्ही मात्रा क्वार्टरने लिहिलीत आणि खुणेत १५ घातलंत, तर पहिली अडचण नोटेशनची. एका मात्रेत आठ-आठ, दहा-दहा स्वर येतात, ते क्वार्टरमध्ये कोंबायचे तर तीन-तीन रेघांच्या जुड्या होतात आणि कागद वाचता येत नाही. दुसरी अडचण कानाची. चार सेकंदांनी एकदा ठोका आला तर शिकणारीला मधली जागा कळत नाही, ती अंदाजाने गाते आणि समेवर कुठेतरी येऊन पडते.

तबलजी हे कसं करतात ते बघा. विलंबित एकतालाची मात्रा ते मनात चार भागांत मोजतात, म्हणून बोलताना ‘४८ मात्रांचा एकताल’ असंही म्हणतात. ठाण्यात पं. राम मराठे स्मृती संगीत समारोहाला मागच्या रांगेत बसलात तर आजूबाजूच्या जाणकारांची बोटं बघा, मांडीवर एक मात्रा चार हलक्या ठोक्यांत पडत असते. तेच कागदावर आणा. एक मात्रा म्हणजे एक होल नोट, म्हणजेच चार-चारचा एक पूर्ण बार. बारा बार झाले की एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा. वर खूण लावा ‘क्वार्टर = ६०’. एक क्वार्टर एक सेकंद, एक मात्रा चार सेकंद, एक आवर्तन ४८ सेकंद. लय थोडी वर हवी असेल तर ७२ करा, आवर्तन ४० सेकंदांवर येतं. आकडा माणसाच्या आवाक्यातला राहतो, स्वर मोकळे लिहिता येतात आणि ठेक्याच्या स्टाफवर ‘धिं’, ‘धागे’, ‘तिरकिट’ आपापल्या जागी बसतात.

ओळी कशा तोडायच्या? एकतालाचे सहा विभाग, दोन-दोन मात्रांचे. मी एका ओळीत चार बार घेतो, म्हणजे दोन विभाग, आणि तीन ओळींत आवर्तन. प्रत्येक मात्रेवर बारच्या डोक्यावर १, २, ३ असे मात्रांचे आकडे साध्या मजकुरात लिहितो. तिथे साधा मजकूरच हवा, टेम्पोचा नको. मुखडा समेच्या आधीपासून सुरू होत असेल तर त्याच्या मात्रा आधीच्या आवर्तनातल्या बारमध्येच लिहा, वेगळा अर्धा बार करू नका, नाहीतर सगळे आकडे एकाने सरकतात.

पुढे छोटा ख्याल त्रितालात घ्यायचा असेल तर तिथे नवी खूण लागते आणि मात्रेचं मापही बदलतं. विलंबितात मात्रा होल नोटची होती, आता ती क्वार्टरची. ६०वरून थेट १६० दिसलं म्हणून लय अडीच पटीहून थोडीच जास्त झाली असं कुणी समजू नये. खरी लय मिनिटाला १५ मात्रांवरून १६० मात्रांवर गेली आहे. ही गोष्ट मुलींना फळ्यावर एकदा मांडून दाखवा, लयीचं गणित त्यांच्या डोक्यात कायमचं बसतं.

एक मात्र मनापासून सांगतो. या फाइलवर त्यांना बंदिश गायला लावू नका. आवर्तनाची लांबी अंगात यावी, सम कधी येणार याचा अंदाज यावा, यासाठी ती आहे. बंदिशीचे शब्द तबल्याबरोबर मागे-पुढे राहतात, कुठे रेंगाळतात, समेच्या आधी धावून येतात. क्वार्टरच्या खाचेत अचूक बसवलेला ख्याल ऐकून मुलींच्या कानाला तसंच गायची सवय लागली तर ती काढायला वर्ष जातं. दोन-तीन आठवडे ठेक्याचा स्टाफ चालू ठेवून स्वरांचा स्टाफ म्यूट करा, त्यांना नुसत्या ठेक्यावर गाऊ द्या.

मग स्लायडर कशासाठी? रियाजासाठी, आणि त्या कामाला तो फार चांगला आहे. तबल्याच्या विद्यार्थ्यांसाठी मी त्रितालातला एक लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून, लिहून ठेवलाय, खूण १००ची. कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची एक रचना, बसवताना मुलगा स्लायडर ६०वर घेतो, हात मोकळा झाला की ६५, मग ७०. खूण १००ची असल्यामुळे टक्के आणि मात्रा एकच आकडा, मुलाला गणित करावं लागत नाही. रियाजाच्या फाइलीला १००चीच खूण लावायची ही युक्ती तुम्हीही वापरा. आणि वेग वाढवताना पाच-पाचनेच वाढवा. मुलांना एकदम २०ने उडी मारायची घाई असते, तिथे हात अडकतो आणि अडकलेली जागा तशीच पक्की होते.

कॅसेटच्या काळात आम्ही एखादी अवघड तान ऐकायला टेप हळू करायचो, तर सूर खाली जायचा. बरोबर निम्म्या वेगाला अख्खं सप्तक खाली. नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये असं होत नाही, कारण ते ध्वनिमुद्रण ताणत नाही, प्रत्येक स्वर नव्याने वाजवतं, फक्त उशिरा वाजवतं. पण एक बारकावा आहे. पियानोचा आवाज निवडला असेल तर फार हळू वेगाला लांब स्वर मध्येच विरून जातो आणि मुलींना वाटतं स्वर संपला. विलंबितासाठी ऑर्गन किंवा हार्मोनियमच्या जातीचा, धरून ठेवला तर टिकणारा आवाज निवडा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावं आणि कळा वेगळ्या आहेत, विचार हाच. डोरिकोमध्ये शिफ्ट आणि टीने टेम्पोची चौकट उघडते आणि वाजवण्याच्या पट्टीत एक सोय आहे, लिहिलेल्या खुणा पाळायच्या की एकच ठरावीक वेग धरायचा. ती चुकून ठरावीक वेगावर राहिली तर तुमच्या सगळ्या खुणा बिनकामाच्या होतात, म्हणून वेग बदलत नसेल तर आधी तिकडे बघा. सिबेलियसमध्येही टेम्पोचा मजकूर वेगळा आणि साधा मजकूर वेगळा, हे आहेच. फिनालेचं काम त्याच्या कंपनीने २०२४च्या ऑगस्टमध्ये थांबवल्याचं जाहीर केलं, त्यामुळे जुने लोक आता आपल्या फाइली म्यूझिकएक्सएमएलमधून, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या नोटेशनच्या फाइलीतून, इकडे-तिकडे हलवत आहेत. असं हलवताना स्वर बहुतेक नीट येतात, पण टेम्पोच्या खुणा एकेक करून तपासाव्या लागतात. म्यूझिकएक्सएमएल वाजवण्याचा वेग मिनिटाला किती क्वार्टर या मापातच साठवतं, त्यामुळे दादऱ्याच्या फाइली विशेष काळजीने बघा.

दादांना फाइल पुन्हा पाठवण्याआधी एवढं करा. पहिल्या स्वरावर ९०ची खूण, किंवा स्टॉपवॉचवर जो आकडा येईल तो. शेवटच्या दोन बारवर रिटची रेघ, आणि ‘हळू हळू’चा साधा मजकूर काढून टाका. मग स्लायडर १००वर ठेवून फाइल बंद करा, पुन्हा उघडा आणि पहिल्यापासून ऐका. पुन्हा उघडून ऐकलेली फाइलच समोरच्याला मिळणार असते. फाइलबरोबर निरोपात लिहा, ‘केरवा, क्वार्टर ९०, मात्रा १८०, शेवटच्या दोन बारला उतार’. आणि मंडळाच्या बायकांना आधी पाठवलेले ट्रॅक असतील तर ते फोनवरून काढायला सांगून नवा पाठवा. जुना आणि नवा दोन्ही ९०चेच निघाले तरी जुन्यात शेवटचा उतार नाही, आणि ज्या त्याच्यावर सराव करतील त्या शेवटच्या ओळीला पुढे निघून जातील.